भायलें नाही ना, एवढंच पाहायचं होतं

शिवणाच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला नेमकी तिथेच खाज सुटावी, याच्यासारखी शिक्षा दुसरी नाही. पाय पायडलवर, हात कापडावर, समोर गिऱ्हाईक उभं आणि ते सांगतंय, "गो वैशाली, ब्लाउजाचे हात मातशे ल्हान कर." मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, बाये, तू एकदाची जा, म्हणजे मला हवं तसं बसता येईल.

मी गोव्यात धारगळला हमरस्त्याच्या कडेला ब्लाउज शिवते. माहेर मये गावचं, सासर इथलंच. माझ्या दुकानात माप द्यायला आलेल्या बायका पडदा ओढला की हळूच एखादं दुखणं सांगतात, आणि त्यातली निम्मी दुखणी याच जागेची असतात. प्रत्येकीला मी माझी गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले. म्हटलं, एकदाच सलग लिहून टाकावी. जिला लाज वाटेल तिने पडदा ओढून वाचावी.

तुरटी आणि विनागर

गणपतीची चवथ जवळ आली होती. शिवणाचा ढीग छताला टेकायचा बाकी होता, आणि त्यात माझी दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, दाढ बसली, आणि मग हे उठलं. आधी खाज, मग जळजळ, मग फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जायला लागलं. लघवीला जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा.

आमच्याकडे याला "धवें वता" म्हणतात. एवढेच दोन शब्द, तेही बाई बाईच्या कानात सांगते. मी माझ्या सासूबाईंच्या कानात सांगितले. त्यांना मी आई म्हणते. त्यांचं निदान तयारच होतं.

"आंगांत उश्ण जालां तुका. मशिनीर बसून बसून आनी कितें जातलें?"

मग सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, पाणी प्यायले. सब्जा भिजवून खाल्ला. तुरटीच्या पाण्याने धुतलं. शेजारणीने सांगितलं, पाण्यात माडाचा विनागर, म्हणजे माडीचा व्हिनेगर, घाल, एका दिवसात बरं वाटेल. घातला. त्या दिवशी मी घरभर जी नाचले, ती शिगम्यातही कधी नाचले नव्हते. विनागर बांगड्याच्या लोणच्यात घालावा, बाईला लावू नये, एवढं एक जरी या लिखाणातून कुणी उचललं तरी माझे कष्ट वसूल झाले.

थोडं कमी व्हायचं, की वाटायचं सुटले. पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा हजर. असं चवथीपासून चालत चालत दिवाळी उलटून गेली. रात्री झोप नाही, दिवसा मशीनवर बसवत नाही, आणि तोंडाने मात्र सगळ्यांना, "बरी आसां, बरी आसां."

दोन पाकिटं

शेवटी एका दवाखान्यात गेले. पाटी मोठी, खोली लहान. डॉक्टर पुरुष, वयस्कर. मी चपला बाहेर काढून आत जाईपर्यंत आधीच्या पेशंटचा कागद संपवत होते, आणि माझं बोलणं संपायच्या आत माझा कागद लिहायला लागले.

"मालक काय करतात?"

"टॅक्सी चालवतात. केरीला, समुद्रावरच्या हॉटेलांची भाडी."

"हं," ते म्हणाले.

तो हं मला अजून ऐकू येतो. त्या एका हं मध्ये केरीचा समुद्र, तिथली संगीताची रात्र, आखूड कपड्यांतल्या परदेशी बायका आणि माझा नवरा, सगळं एकदम आलं. त्यांनी खणातून दोन सारखी पाकिटं काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"एक तुमचं, एक मालकांचं. दोघांनी एकाच दिवशी घ्या."

"पण मला झालंय काय?"

"संसर्ग आहे. बाहेरून येतो."

आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला तपासायच्या टेबलावर त्यांनी बसवलंदेखील नाही.

बसस्टॉपवर उभी राहिले आणि समोर आलेली बस तशीच सोडली. भीती वाटली, सरळ सांगते. एड्स हा शब्द मनात आला, आणि एकदा आला की जायचं नाव घेईना. भीतीच्या मागोमाग राग आला. आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात. माझ्या अंगाची तर आगच झाली होती, मग ती लावली कुणी? दिगंबर कितीतरी दिवस उशिरा घरी यायचा. गाडीत कुणाकुणाची अत्तरं दरवळायची. इतकी वर्षं मी त्यावरून त्याची चेष्टा करत आले. त्या दिवशी एकही चेष्टा आठवून हसू आलं नाही.

घरी आल्यावर त्याला जेवायला वाढलं आणि माशाच्या हुमणाच्या वाटीशेजारी ते पाकीट ठेवलं. आमच्यात पहिल्यापासून अरेतुरेच चालतं.

"हें कितें?" त्याने विचारलं.

"तुजें औषध."

"माका कितें जालां?"

"तें तूं सांग."

त्याने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. दवाखान्यात काय झालं ते मी सांगितलं. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "ड्रायव्हर म्हणून?" एवढंच म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. त्या दिवसापासून तो बाहेर सोप्यावर झोपायला लागला. आईंनी विचारलं तर म्हणायचा, भितर उकडता. दिवस थंडीचे होते.

माप

ती पाकिटं मी मशीनच्या खणात टाकली. घेऊन टाकावी असं अनेकदा वाटलं. गोळ्या गिळायच्या, गप्प बसायचं, बरं वाटलं तर वाटलं. पण मग मला कधीच कळलं नसतं की मला काय झालं होतं, आणि आयुष्यभर मी नवऱ्याच्या शर्टाचा वास घेत बसले असते. ते मला नको होतं. मला खरं काय ते हवं होतं, मग ते कितीही वाईट का असेना.

आणि दुसरं असं की, मी माप न घेता कुणाचा ब्लाउज कापत नाही. बाई म्हणते, अगो अंदाजाने कर, तुका म्हायत आसा. मी टेप काढतेच. त्या डॉक्टरने माप घेतलं ते माझ्या नवऱ्याच्या धंद्याचं आणि औषध कापलं माझ्या अंगाला. हे मला पटेना. गोळ्या घेईन, पण माप घेतल्यावर.

मी तालुक्याच्या सरकारी इस्पितळात गेले. बायकांच्या ओपीडीबाहेर बाकावर बसले, तर शेजारी माझंच गिऱ्हाईक.

"गो वैशाली! विशेष कितें?" तिने माझ्या पोटाकडे पाहत विचारलं.

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. "खाज सुटल्या," मी म्हटलं.

तिने पदर सारखा केला, समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचलं. बऱ्याच वेळाने माझ्याकडे झुकून विचारलं, "दोतोरीण बरी आसा गो? रागावना मगो?" तेव्हा मला कळलं, ही तिथे कशाला आली होती. बाकावर आम्ही दोघी मग जरा ऐसपैस बसलो.

डॉक्टरीण बरी निघाली. वयाने माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेले. तिने मला टेबलावर झोपवलं, चादर पांघरली, आणि काय काय करणार ते आधी सांगितलं. "पाय सैल सोडा. थोडं गार लागेल." मी छताकडे बघत राहिले. पंख्यावर धूळ होती. कापसाच्या काडीने तिने नमुना घेतला. दुखलं असं नाही, पण लाज आणि सुटका अशी एकदम आली की डोळे भरले. इतक्या महिन्यांत माझ्या दुखण्याकडे कुणीतरी पहिल्यांदा पाहत होतं.

मग तिने कागद पुढे ओढला. "नवऱ्याशिवाय आणखी कुणाशी संबंध?"

"माझे?" मी उठून बसले. "मला विचारता?"

"सगळ्यांना विचारते," ती शांतपणे म्हणाली. "मालकांनाही विचारीन, ते आले की."

मी नाही म्हणून सांगितलं, पण मला फार लागलं. दिवसभर मशीनला जुंपलेली बाई मी, मला वेळ कुठे आहे?

"दिसायला तरी ही बुरशी आहे," तिने सांगितलं. "पीठ फुगवतात त्या यीस्टच्या नात्यातली. सगळ्यांच्या अंगात थोडी असतेच. काही कारण मिळालं की माजते. दाढेच्या गोळ्यांनीही माजते. ती नवऱ्याकडूनच येते असं नाही. पण तुम्हाला पुन्हा पुन्हा होतंय, आणि मनात शंका भरलेली आहे. तर बाहेरचं काही नाही ना, तेही एकदा तपासून मोकळ्या होऊया."

रक्त घेतलं. एचआयव्हीसाठी, गरमीसाठी, काविळीसाठी. कापसाची काडी वेगळी गेली. "आणि साखरही बघू," असं ती जाता जाता म्हणाली. मी तिकडे लक्षही दिलं नाही. मालकांना घेऊन या, म्हणाली. त्यांची तपासणी त्यांच्या मर्जीने होईल, आणि कुणाचं काय निघालं ते तिसऱ्याला कळणार नाही.

घरी पोचल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मी दिगंबरला फोन लावला. समोरासमोर आम्ही बोलतच नव्हतो.

"दोतोरीण म्हणटा, भायलें कितें ना न्हय रे, तें पळोवया. तूंय यो."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला आणि फोन कटला. पण माझ्यामागे आई नारळ किसत बसल्या होत्या, तो आवाज थांबला.

पाकळी

आमच्या बोलीत भायलें म्हणजे बाहेरचं. पण कुणाला भायलें आहे म्हटलं, की माणसं डॉक्टरकडे जात नाहीत. भायलें म्हणजे भूतबाधा, नजर, कुणी केलेलं काहीतरी. असं काही निघालं की देवाला कौल लावायचा. मी शब्द वापरला डॉक्टरिणीचा, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत भूत झाला.

"सोमारा देवळांत वचूंया," आई म्हणाल्या.

"आई, तसलें न्हय तें."

"तुका कळना. घरांत कितें तरी रिगलां, तें माका दिसता. माजो पूत भायर न्हिदता, तूं रडटा. देवाक इचारूंया."

मी जास्त वाद घातला नाही. हात जोडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय दिगंबरची गाडी होती, म्हणजे तो येणार, म्हणजे तासभर तरी आम्ही एका गाडीत बसणार होतो.

कौल कसा लावतात ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. देवाच्या मूर्तीवर भटजी ओल्या पाकळ्या चिकटवतात, आपला प्रश्न मोठ्याने देवापुढे घालतात आणि सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आमच्याकडे घर बांधायचं की नाही, लग्न जुळवायचं की नाही, हे सगळं असं ठरतं.

देवळात चार माणसं होती. दिगंबर खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा. आई भटजींच्या कानाशी काहीतरी बोलल्या. भटजींनी पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे देवा म्हाराजा, हें तुजें लेंकरूं तुज्या पांयांकडेन आयलां. हांच्या घरांत भायलें कितें रिगलां काय, तें तूं सांग. भायलें आसा जाल्यार उजवी दी, ना जाल्यार दावी..."

"आई!" दिगंबर एवढ्या जोरात ओरडला की भटजींचं गाऱ्हाणं तुटलं. "देवाक कित्याक इचारता? माका इचार मगो! माजें भायर कायच ना! कोणूच ना! केरीक हांव गाडी चलयतां, आनी कायच करिना!"

भटजींचा हात हवेत. प्रदक्षिणा घालणारी एक म्हातारी थांबून बघायला लागली.

"तुजें कोण इचारता रे?" आई म्हणाल्या.

आता मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तो काय समजला होता ते मला कळलं, आई काय समजल्या असतील तेही कळलं, आणि मधोमध देव गप्प बसला होता. आम्ही सगळ्यांनी एकदम मूर्तीकडे पाहिलं. एक पाकळी खाली पडलेली होती. कुठून पडली, उजवीकडून की डावीकडून, ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"परत लावूंया?" भटजींनी विचारलं.

आईंनी मुलाच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. तो बाहीने डोळे पुसत होता. "नाका," त्या म्हणाल्या. "पुरो जालें."

चपला घालताना मी दिगंबरच्या शेजारी उभी राहिले.

"देवाक सांगलें, बरें जालें," मी म्हटलं. "आतां रगत दी."

मला वाटलं चिडेल. तो चपलेचा अंगठा सरळ करत राहिला आणि म्हणाला, "फाल्यां वतां."

वाट पाहणं

आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. इस्पितळाच्या टोकाला समुपदेशनाची खोली आहे, तिच्याबाहेर बसणं म्हणजे गावच्या चौकात बसण्यासारखंच. हा टॅक्सीवाला, निम्मा तालुका ओळखतो. दोघांनी तर त्याला विचारलं, कुणाचं भाडं घेऊन आलास? तो म्हणाला, "माजेंच." घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा कित्येक दिवसांनी आमच्यात एक धड संवाद झाला.

रिपोर्ट यायचे दिवस वाईट गेले. दिवसा मी बाह्या उलट्या जोडत होते. देवळात तो रडवेला झाला ते मी पाहिलं होतं, आणि तरीही मनात एक आवाज म्हणायचा, रडणारे पुरुष खोटं बोलत नाहीत असं कुणी सांगितलं? आमची मुलगी अजून शाळेत जाते. तिला सोडताना मी तिची वेणी पुन्हा एकदा नीट करायचे. मला काही झालं तर हिची वेणी कोण घालणार, हा विचार मी कितीही झटकला तरी येत राहिला. पण मागे पाऊल घ्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. अर्धवट कापलेलं कापड कुणाच्याच कामाचं नसतं.

डॉक्टरिणीने आम्हाला दोघांना एकत्र आत घ्यायचं का, ते वेगवेगळं विचारलं. दोघांनीही हो म्हटलं.

"बाहेरचं काही नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही, त्यांनाही नाही. खात्रीसाठी रक्त काही महिन्यांनी आणखी एकदा बघू. नमुन्यात निघाली ती बुरशीच."

मी पिशवी उचलली आणि उठायलाच लागले. तिने हाताने थांबवलं.

"पण जे आहे ते आतलं आहे. तुमची साखर खूप वाढलीय. ती वाढली की बुरशीला मेजवानी. कितीही औषध लावा, साखर उतरल्याशिवाय ती पुन्हा पुन्हा येणार."

म्हणजे मी सगळं बाहेर शोधत होते, केरीपासून देवळापर्यंत, आणि चोर माझ्याच रक्तात साखर खात बसला होता. मधुमेह म्हणजे काही आनंदाची बातमी नाही. पण त्या दिवशी मी ती पेढा मिळाल्यासारखी ऐकली, आणि पेढा आता आपल्याला चालणार नाही हे जरा उशिराने लक्षात आलं. तिने आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, साखरेच्या दिल्या, आणि ताकीद दिली: तुरटी नाही, विनागर नाही, सुगंधी साबण नाही, सुती कपडा वापरा. कपड्याचं मला कुणी शिकवायला नको. जगाला अस्तर कॉटनचं घालते आणि स्वतः नायलॉन वापरते, अशी मी शहाणी.

परतताना गाडीत दिगंबरने विचारलं, "तुजो माजेर विस्वास नाशिल्लो?"

खोटं बोलायचा कंटाळा मला अजूनही होता. "ना," मी म्हटलं. "आतां आसा."

धारगळच्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली.

"माजोय नाशिल्लो," तो समोर बघत म्हणाला. "तूं कापडां हाडपाक म्हापशां वता, दुकानार कोण कोण येता. पाकीट पळयलें आनी माका दिसलें, हिणें हाडलां आनी माजेर घालता. म्हणून रगत दिलें. माका लागलां काय तें पळोवपाक."

माझा राग असा उसळला म्हणता! बाहेरून मी आणलं? मी? तोंड उघडलं, आणि मग माझंच ते पाकीट हुमणाच्या वाटीशेजारी ठेवणं आठवलं. उघडलेल्या तोंडातून हसू बाहेर पडलं. तोही हसायला लागला. आम्ही दोघं एकमेकांची चोरी पकडायला इस्पितळात गेलो होतो आणि चोरी कुणाचीच नव्हती. त्या दिवशी तो आत झोपायला आला. सोप्यावर थंडी वाजते, असं आईंना सांगितलं.

पडद्यामागे

माझी खाज गेली. साखर अजून भांडते, पण उतरते आहे. मशीनवर मी आता पाय पसरून नाही, नीट बसते. गोष्ट इथेच संपली असती.

एका दुपारी आई दुकानात आल्या. त्या सहसा येत नाहीत. कुणी नाही असं पाहून त्या माप घ्यायच्या जागेत गेल्या आणि पडदा ओढला. मला वाटलं नवा ब्लाउज हवाय. टेप घेऊन आत गेले.

"तुज्या त्या दोतोरणीकडेन माका व्हरशी?" त्या म्हणाल्या. "धवें वता गो. तुजो मांव आसतना पसून."

माझे सासरे डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे किती काळ ही बाई तुरटीने धूत, सोलांचं पाणी पीत, मला उष्णतेचे सल्ले देत बसली होती, त्याचा हिशेब मला करवेना. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही.

डॉक्टरिणीने त्यांनाही टेबलावर झोपवायच्या आधी कागद पुढे ओढला. सत्तरीला आलेल्या बाईला ही आता तो प्रश्न विचारणार. मी काही म्हणायच्या आत तिने विचारलाच, तिच्या त्या शांत आवाजात, मालक होते तेव्हा बाहेरचं काही?

आई जराही बिचकल्या नाहीत. "भायलें तांचें आसलें, बाये," त्या म्हणाल्या. "माजें सगळें घरांतलेंच."

डॉक्टरिणीचं पेन थांबलं. मी स्टुलावर बसून आईंकडे पाहत राहिले. सासऱ्यांचं हे बाहेरचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आपल्या मुलालाही नाही. आणि देवळातला सोमवार मला आत्ता कळला. भायलें या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होते. त्यांनी देवाला भुताचं विचारलंच नव्हतं. जे आपल्या वाट्याला आलं ते सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्या विचारत होत्या, आणि मुलाचं तोंड पाहिल्यावर त्यांना पाकळीची गरज उरली नव्हती.

नर्सने हात दिला. आई टेबलावर चढल्या, पातळ सारखं केलं, पाय घट्ट जुळवून घेतले. नर्स पडदा ओढायला लागली तेव्हा त्यांनी मान वळवून मला हाक मारली.

"वैशाली, हांवय विनागर घालतालीं, तेंय सांगूं?"

"सगळें सांगात, आई," मी म्हटलं.